पॅडलवरचा पाय

रविवार, १६ नोव्हेंबर १९८६

आणि मामाजींनी पाय उचलला. चाकाचं निपल अजून उघडं होतं. नळीतलं तेल मागे सरकलं आणि त्याच्यामागे हवा गेली. सकाळपासून काढलेली हवा परत आत.

गाडीखालूनच ओरडलो, "सोडा म्हटल्याशिवाय सोडायचं नाही, असं सांगितलं होतं ना!"

"तुमी काई बोलूनच नाई रायले," ते वरून म्हणाले. "मले वाटलं, झालं."

मी बोलत नव्हतो हे खरं आहे. बुडबुडे पाहत होतो. या कामात बोलण्यासारखं काही नसतं. एकानं आत बसून ब्रेकचं पॅडल दाबायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकामागचं छोटं निपल पान्यानं उघडायचं. तेलाबरोबर हवा बाटलीत येते. निपल बंद करायचं, मग पॅडल सोडायचं. चारही चाकांना असं केलं की पॅडल कडक होतं. एकट्यानं हे काम होत नाही.

चार वर्षं माझी बायको मनकर्णा पॅडल दाबत होती. सीटवर एक पाय दुमडून बसायची, दुसरा पॅडलवर. मांडीवर सूप असायचं. "दाबलं," म्हणायची. मी "सोड" म्हणायचो. ऑगस्टमध्ये ती तापानं गेली. तेव्हापासून जीप उभीच होती, म्हणून नळ्यांत हवा धरली असावी.

मामाजी म्हणजे तिचे वडील, नथ्थूजी. आयुष्यभर बैलगाडीवर जंगलातली लाकडं वाहिली. आता खुब्यात आणि गुडघ्यात दुखणं आहे, काठी लागते. पॅडलवर त्यांचा पाय चांगला बसतो. फक्त सूचना पाळत नाहीत.

दुपारनंतर काम तसंच टाकलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

शाळेत आठवीची चाचणी. घरी आलो तर मामाजी पायरीवर बसून गुडघ्याला टोरीचं तेल चोळत होते. मोहाच्या बियांचं हे तेल थंडीत तुपासारखं थिजतं, म्हणून त्यांची बाटली दिवसभर उन्हात ठेवलेली असते. त्याचा वास कपड्यांना लागतो, भांड्यांना लागतो. मनकर्णा रोज म्हणायची की बाबा, ही बाटली बाहेर ठेवा. बाटली आता बाहेरच असते. सांगणारं कोणी नाही, तरी.

"ब्रेक कवा होते?" त्यांनी विचारलं.

"रविवारी."

"अच्छा."

जीप दुरुस्त करायची ती त्यांना गडचिरोलीहून जिवतीला पोचवण्यासाठी. खुशाल, त्यांचा मुलगा, तिथल्या आश्रमशाळेत नोकरीला आहे, थोडी कोरडवाहू जमीनही करतो. मनकर्णाच्या पुण्यानुमोदनाला आला होता, तेव्हा जेवणं झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊजी, राग नोका मानू. बाबा आता इथी कोन्या नात्यानं रायनार? लेक होती तवा गोष्ट येगळी होती. लोक मले म्हनते, पोरगा असून बाप जवायाच्या दारात."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी तसं त्याला सांगितलं. मामाजींना विचारलं तर म्हणाले, "तुमी म्हनान तसं."

एसटीचे धक्के त्यांच्या खुब्याला सोसत नाहीत. शिवाय त्यांची पेटी आहे. आणि जिवतीचा रस्ता घाटाचा. "ब्रेक नीट करून घेतो, मग आणतो," असं खुशालला सांगितलं आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज काम झालं. मामाजींना नवी पद्धत सांगितली: पॅडल दाबून आहे तोवर त्यांनी बोलत राहायचं. बोलणं चालू असलं की मला कळतं, पाय जागेवर आहे. मी "सोडा" म्हटलं की बोलणं थांबवायचं आणि पाय उचलायचा.

"काय बोलू?"

"काहीही."

"पाढे म्हनू का?"

"येतात?"

"नाई. म्हनून तं इचारलं."

त्यांच्या पायाशी फळीत एक झाकण आहे. त्याच्याखाली तेलाची टाकी. नळीतून तेल बाहेर येतं तसं वरून नवं घालायचं. ब्रेक ऑईलचा डबा त्यांच्या हाताशी ठेवला आणि टाकीवर लक्ष ठेवायला सांगितलं. टाकी रिकामी झाली तर पुन्हा हवा जाते.

आधी ते बैलांविषयी बोलले. मग आलापल्लीच्या जंगलातल्या सागाविषयी. मागचं डावं चाक झालं, उजवं झालं. पुढच्या चाकाशी गेलो तेव्हा मनकर्णा लहान असतानाची गोष्ट निघाली. लाकडाच्या गाडीवर बसून ती त्यांच्याबरोबर जायची. उतार आला की डोळे गच्च मिटायची. "मी म्हनो, पोरी, डोये मिटून गाडी थांबते का? तं म्हने, बाबा, मले दिसत नाई तं बैलालेबी दिसत नसन, मंग ते भ्येनार नाईत."

हे मला माहीत नव्हतं. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती.

बुडबुडे थांबले होते. तरी खात्री करून घ्यावी म्हणून आणखी थोडं तेल काढलं. मग शेवटच्या चाकाचंही आणखी काढलं. तेव्हा ते ती पहिलीत असतानाचं सांगत होते, पाटीवर स्वतःचं नाव लिहून बैलाला दाखवायला गेली होती ते. "बैलानं चाटली पाटी," ते म्हणाले. "तवा लय रडली. म्हने, माह्यं नाव खाल्लं."

दोन बाटल्या भरून जुनं तेल निघालं. इतकं काढायची गरज नव्हती. पण ब्रेकच्या बाबतीत कसर ठेवू नये.

पॅडल दगडासारखं झालं आहे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर नदीपर्यंत जाऊन आलो. मामाजींनाही घेतलं. ब्रेक उत्तम. जीप जागच्या जागी थांबते. परत येताना त्यांनी विचारलं, "मंग आता जाचं?"

म्हटलं, चार दिवस चालवून पाहू. घाट आहे.

"हौ. घाट आहे," ते म्हणाले.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

थंडी वाढली. सकाळी पॅडल जड लागलं. दाबलं तर परत यायला वेळ घेतं. बाजारात जाऊन आलो तर पुढच्या चाकांतून जळका वास. ड्रमला हात लावला, पोळला. ब्रेक लागलेलेच राहत आहेत.

मुखरू मिस्त्रीकडे गेलो. चामोर्शी रस्त्यावर त्याचं गॅरेज आहे. ब्रेक ऑईल त्याच्याकडूनच घेतलं होतं. त्याला म्हटलं की डबा नकली दिसतो.

तो चिडला. "मास्तर, तेल तुमी नेलं, हवा तुमी काढली, आन् आता चोर मी? त्याच डब्यातलं तेल दोन ट्रकांत टाकलं. ते पाहा, जाऊन रायले झूम झूम."

"मग माझीच गाडी का धरते?"

"तुमच्या गाडीले तुमी सोडत नाई म्हनून." आणि स्वतःच हसला.

मला हसू आलं नाही. जीप ढकलल्यासारखी चालवत घरी आणली.

रविवार, ३० नोव्हेंबर

फळीतलं झाकण उघडलं. टाकीत वर पिवळट, थिजलेला थर होता. बोटाला लावून वास घेतला.

मामाजी पायरीवर बसले होते. विचारलं, "यात टोरीचं तेल घातलं?"

"हौ."

"कधी?"

"हवा काढून रायले होते तवा. डबा सरला. तुमी खाली, 'दाबा दाबा' करून रायले. टाकी खाली होऊन रायली होती. बाटली उन्हात होती, हात पुरला. टाकलं."

"मला सांगायचं."

"तुमीच म्हनले, बोलनं थांबवू नोका. मी तिची गोष्ट सांगून रायलो होतो." मग म्हणाले, "चाळीस वरसं गाडीच्या आसाले हेच तेल देल्लं, जवाईबापू. कवा चाक धरलं नाई. गाडीले तेल लागते, एवढंच मले समजते."

मी त्यांना समजावून सांगितलं. ब्रेकच्या आत रबराच्या छोट्या वाट्या असतात. हे तेल लागलं की त्या फुगतात. फुगल्या की तेल परत फिरायची वाट बुजते आणि ब्रेक लागलेलाच राहतो. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं. एक वाटी काढून त्यांच्या हातावर ठेवली. भिजवलेल्या वालाएवढी झाली होती.

"फुगली," ते म्हणाले.

"आता सगळ्या बदलाव्या लागतील. चारही चाकं खोलावी लागतील. नळ्या धुवाव्या लागतील."

"लय काम वाढलं."

"हो."

"म्हंजे आता गाडी नाई जात."

"आता कशी जाईल?"

त्यांनी वाटी परत दिली. वय झालं आहे. यापुढे त्यांना असं काही हाताशी देऊ नये. टोरीची बाटली उचलून स्वयंपाकघरात सर्वांत वरच्या फळीवर ठेवली, डब्यांच्या मागे. ते पाहत होते.

गुरुवार, ४ डिसेंबर

रबरं इथं मिळाली नाहीत. मुखरूनं नागपूरला जाणाऱ्या ट्रकवाल्याला सांगितलं आहे. जीप चार दगडी ठोकळ्यांवर उभी. चाकं भिंतीला टेकवलेली.

संध्याकाळी मामाजी लाखोरीची भाजी खुडत होते. भात मी लावतो, भाजी ते करतात. हे कधी ठरलं ते आठवत नाही. मीठ जास्त पडतं. मी सांगत नाही.

जेवताना ते मध्येच म्हणाले, "तुमाले एवढं खारट चालते?"

"चालतं."

"मले नाई चालत. पन तुमी खाता म्हनून टाकतो."

उद्यापासून मीठ कमी.

शनिवार, ६ डिसेंबर

विहारात वंदनेला गेलो. मामाजींनी पांढरं धोतर आणि सदरा घातला, मी इस्त्री करून दिला. चालत गेलो, जीप नव्हती. त्यांना वेळ लागला. रस्त्यात दोनदा बसले. गुडघा धरत होते.

विहारात बायका एका बाजूला बसतात. मनकर्णा नेहमी खांबाला टेकून बसे. तिथं आज कोणीतरी मुलगी बसली होती. ते बरोबरच आहे, जागा कुणाच्या नावची नसते. इंदुताई, मनकर्णाची मैत्रीण, बाहेर भेटल्या. मामाजींच्या पाया पडल्या आणि मला म्हणाल्या, "ऐकलं, नेऊन रायले म्हने यायले."

"ब्रेक झाले की."

"आन् मंग तुमी?"

"मी काय? शाळा आहे."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. बायकांना असं पाहायची सवय असते.

रविवार, १४ डिसेंबर

सगळं नवीन बसवलं. नळ्या धुतल्या. दुपारी हवा काढली. मामाजी बोलत होते, मी खाली होतो. डबा या वेळी मीच माझ्याजवळ ठेवला, दर थोड्या वेळानं उठून टाकीत घालत होतो.

आज त्यांनी ठमाबाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, गोष्ट सांगितली. छप्पनच्या साली ट्रकमध्ये बसून ते दोघं दीक्षेसाठी नागपूरला गेले होते. मनकर्णा तेव्हा ठमाबाईंच्या कडेवर. गर्दीत ठमाबाई चुकल्या. "तीन दिवसांनी गावात आली मांगून. मी म्हटलं, कुठी होतीस? तं म्हने, तुमीच चुकले होते, मी तं बराबर होती." ते हसले. खुब्यात कळ आली असावी, हसणं मध्येच थांबलं.

"दाबून धरलं आहे ना?"

"धरलं आहे, बापा."

बुडबुडे केव्हाच संपले होते. तेल स्वच्छ येत होतं. अंधार पडेपर्यंत काम चाललं.

मंगळवार, १६ डिसेंबर

पुढचं डावं चाक किंचित आधी धरतं. म्हणजे जोरात ब्रेक मारला तर जीप थोडी डावीकडे ओढते. पुन्हा खोललं.

मुखरू रस्त्यानं जात होता, अंगणात आला. स्वतः चालवून पाहिली. उतरला आणि म्हणाला, "कुठी ओढते?"

"डावीकडे."

"रस्ताच तिकडं वाकला आहे. मास्तर, ब्रेक एक नंबर आहे. आता काऊन खोलून रायले?"

"घाट आहे."

"घाट! अख्खी दुनिया त्या घाटातनं जाऊन रायली बिनब्रेकची." मग मामाजींकडे वळला. "भाऊ, तुमीच सांगा यायले. हे तुमच्या जवायाची गाडी नाई, शाळेतली पोरगी झाली. रोज शिकवनी, रोज परीक्षा, पास काई होत नाई."

मामाजी म्हणाले, "त्यायले समजते ते करून रायले. तू चाय पेतं का?"

मुखरूला चहा दिला. ते दोघं बोलत बसले. मी चाक बसवलं.

गुरुवार, १८ डिसेंबर

राजुऱ्याकडच्या एसटीचा कंडक्टर शाळेत निरोप घेऊन आला. खुशालनं सांगितलं आहे की खोली तयार आहे, लिंपून घेतली, खाट आणली. बाबाले कवा आनता? इतके दिवस ब्रेकला लागते का, असंही त्यानं विचारलं म्हणे. कंडक्टरनं ते मला हसत सांगितलं.

रविवारी येतो म्हणून कळवलं.

घरी सांगितलं. मामाजींनी विचारलं, "मंग पक्का झाला ब्रेक? आता नाई बिघडनार?"

"नाही."

"अच्छा."

शनिवार, २० डिसेंबर

त्यांनी स्वतःच पेटी भरली. फार काही नव्हतं. मनकर्णाची एक शाल मी पेटीत घालायला दिली. म्हणाले, राहू द्या, इथी लागन. कोणाला लागणार, हे त्यांना विचारलं नाही.

एकदा ते स्वयंपाकघरात आले. वरच्या फळीकडे पाहिलं, मग माठातून पाणी घेतलं आणि बाहेर गेले.

रात्रीचं जेवण लवकर केलं. मीठ बरोबर होतं.

रविवार, २१ डिसेंबर. जिवती

पहाटे निघालो. मूल, चंद्रपूर, राजुरा, गडचांदूर. ते पुढे माझ्या शेजारी, पायांवर घोंगडी. बोलणं फारसं झालं नाही. इंजिनाच्या आवाजात बोलता येत नाही.

राजुऱ्याला चहा घेतला. चहावाल्यानं विचारलं, "बापलेक कुठी निघाले?"

मी म्हणणार होतो की सासरे आहेत. मामाजी आधी बोलले. "जिवती. पोराच्या घरी." त्यानं पुन्हा विचारलं नाही.

घाट लागला. दोन ठिकाणी रस्ता मध्येच खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. तिथं ब्रेक लावावे लागले. पहिल्या उतारावर पाहिलं, मी पॅडल दाबलं की त्यांचाही पाय समोरच्या फळीवर दाबला जातो. मी सोडलं की ते सोडतात. त्यांना ते कळत नसावं. मी सांगितलं नाही.

"आमी लाकडं घेऊन घाट उतरो," ते म्हणाले, "तवा मांगून एक ओंडका दोरानं बांधून सोडो. घासत ये. तो नसला तं सारा भार बैलाच्या अंगावर येते."

"बैलांना जड जात असेल."

"जड तं जाते. पन तो सोडला तं बैल गेला समजा."

खुशालचं घर चांगलं आहे. खोली गोठ्याला लागून, पण स्वच्छ. त्याची बायको केसरबाई हिनं वडे केले होते. "बाबा लय वाळले," ती म्हणाली, माझ्याकडे न पाहता. खुशालनं जीपखाली डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊजी, एवढा ब्रेक तं मंत्र्याच्या गाडीले नसन."

रात्री तिथंच राहिलो. मामाजी नव्या खाटेवर. हे तिथंच लिहितो आहे.

सोमवार, २२ डिसेंबर

सकाळी निघताना ते काठी घेऊन जीपपर्यंत आले. बॉनेटवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

"तेल पायत जा," म्हणाले.

"हो."

"मीठ तुमाले कमी लागते. ध्यानात ठेवा."

"हो."

आणखी काही बोलावं असं वाटलं. पण खुशाल शेजारी उभा होता. जीप सुरू केली.

घाट उतरलो. ब्रेक चांगले लागले. शेजारच्या सीटवर घोंगडी राहिली होती.

मूलच्या पुढे पॅडल नरम झालं. एकदा दाबून भागेना, दोनदा दाबावं लागे. हळू चालवत घरी आलो. दाराला कुलूप होतं. ते मीच लावलं होतं, तरी क्षणभर खिशात किल्ली सापडली नाही. मामाजी इथं राहायला आल्यापासून, तीन वर्षांत, मी एकटा घरी आलो आणि दाराला कुलूप होतं, असं झालं नव्हतं.

बुधवार, २४ डिसेंबर

मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीचा नट घाटात हादरून ढिला झाला होता. आवळला. गळती थांबली. पण हवा आत गेली आहे, ती काढावी लागेल.

मुखरू म्हणतो, गाडी आणून सोडा, माझी माणसं काढतील. नको म्हटलं. त्याची माणसं घाई करतात.

शेजारच्या लच्छूनं कुंपणावरून विचारलं, "मास्तर, मी दाबू का? मोकळाच बसलो आहे."

त्याला म्हटलं, तुझा पाय जड आहे.

"पाय जड बायांचा असते, मास्तर," तो म्हणाला आणि हसत आत गेला.

गुरुवार, २५ डिसेंबर

सुटी. एकट्यानं करून पाहिलं. पॅडल दाबलं, त्यावर काठी टेकवून तिचं दुसरं टोक सीटखाली अडकवलं. मग मागे जाऊन गाडीखाली शिरलो. निपल उघडलं. काठी निसटली. हवा परत आत गेली. दुसऱ्यांदा वीट ठेवली. वीट पुरेशी जड नव्हती. तिसऱ्यांदा काठी पक्की बसली, एक बुडबुडा आला. बाहेर निघून पुढे गेलो, काठी काढली, पुन्हा दाबलं, पुन्हा मागे. असं करत राहिलं तर होईलही. पण गाडीखाली पडून असताना वरून काहीच ऐकू येत नव्हतं. पॅडल दाबलेलं आहे की सुटलं, ते कळायला काही मार्ग नव्हता.

दुपारी काम थांबवलं.

चहाची साखर शोधताना वरच्या फळीवर डब्यांच्या मागे टोरीची बाटली सापडली. पूर्ण थिजलेली. मी तीस नोव्हेंबरला ठेवली होती. म्हणजे जाईपर्यंत तीन आठवडे ते गुडघ्याला काही न लावता राहिले. विहारात चालत गेलो, तेव्हाही. त्यांचा हात त्या फळीपर्यंत पोचत नाही. त्यांनी मागितली नाही. मागितली असती तर मी दिली असती.

बाटली खिडकीत उन्हाला ठेवली. संध्याकाळपर्यंत कडेनं थोडी सुटली. घरात तो वास आला. खिडकी उघडी होती, तरी गेला नाही.

जिवतीला तेल पोचवायला हवं. एसटीनं पाठवलं तर बाटली फुटेल.

खुशाल विचारेल, आता का आलात. त्याला सांगेन की जीप बंद आहे, ब्रेकची हवा काढायची आहे, त्याला दोन माणसं लागतात. तो म्हणेल, गडचिरोलीत माणसं नाहीत का? आहेत. त्यांना बोलायचं सुचत नाही. तो म्हणेल, लोक काय म्हणतील, कोणत्या नात्यानं. यावर उत्तर अजून सुचलेलं नाही. राजुऱ्याच्या चहावाल्याला मात्र पुन्हा विचारावं लागलं नव्हतं.

शुक्रवार, २६ डिसेंबर. राजुरा स्टँड, सकाळ

शाळेत रजा कळवली. जीपवर ताडपत्री टाकली. चंद्रपूरला गाडी बदलून इथं उतरलो. बाटली घोंगडीत गुंडाळून पिशवीत ठेवली आहे, फुटलेली नाही. गडचांदूरची गाडी लागली आहे, पुढे जिवतीला एक जाते. कंडक्टरला विचारलं, उद्या परत येताना खुब्याचं दुखणं असलेल्या माणसाला कोणत्या बाकावर धक्के कमी बसतील. तो म्हणाला, ड्रायव्हरच्या मागच्या. दोन जागा धरून ठेवायला सांगितलं.